अंगठीचा सातबारा

परवा भाचा आला होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे ओळीने बघून झालेले, तरी तोंड वाकडं. "मामा, एवढा गाजावाजा आणि ती अंगठी करते काय? तर घालणारा गायब! एवढंच?"

मूळ पुस्तक लिहिणाऱ्या टॉल्किनच्या या अंगठीवर मी तासभर बोलू शकतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बाकीचे हळूच उठून गेले.

गायब करणं हा तिचा जोडधंदा. एल्फ या अमर लोकांच्या ३, ड्वार्फ म्हणजे बुटक्यांच्या ७ आणि माणसांच्या ९ जादूच्या अंगठ्यांवर हुकूम चालवायला गोष्टीतल्या खलनायकाने, सॉरॉनने, ती घडवली आणि स्वतःची बरीचशी ताकद तिच्यात ओतली. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसं. पोपट जिवंत तोवर राक्षसाला मरण नाही. साध्या माणसाने ती घातली की तो पलीकडच्या अदृश्य जगात ओढला जातो, म्हणून आपल्याला दिसत नाही. त्या जगात वावरणाऱ्यांना मात्र तो जास्तच दिसतो. ही अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोने वेदरटॉपच्या टेकडीवर लपायला म्हणून ती घातली आणि सॉरॉनच्या काळ्या स्वारांपुढे आयता उघडा पडला. त्याचा सोबती सॅम, त्याने घातली तेव्हा त्याला ऑर्कांची, म्हणजे सॉरॉनच्या सैनिकांची, भाषा कळायला लागली. हे बारकावे सिनेमात फारसे येत नाहीत.

पण मला तिची भीती वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. जो कोणी तिला हात लावतो, तो आधी मालकीचा कागद तयार करतो!

जुन्या काळचा राजपुत्र इसिल्डूर बघा. सॉरॉनच्या हातातून त्याने ती कापून घेतली. अंगठी जिथे नष्ट होऊ शकते तो ज्वालामुखी समोर धगधगतोय, एल्फांचा एल्रॉन्ड सांगतोय की टाकून दे. हा म्हणतो, माझा बाप गेला, भाऊ गेला, त्याची ही भरपाई. पुढे नदी पोहून जाताना अंगठी बोटातून निसटली आणि तो बाणांना बळी पडला. मग जवळजवळ अडीच हजार वर्षं ती पाण्याच्या तळाशी. सापडली ती मासेमारी करणाऱ्या डीगॉलला. मासा आणि अंगठी म्हटलं की आपल्याला शकुंतला आठवते. तिथे अंगठी सापडल्यावर दुष्यंताला विसरलेली बायको आठवली; इथे स्मीगॉलने मित्राचा गळा दाबला. का? तर त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. म्हणजे अंगठी ही त्याची वाढदिवसाची भेट! पुढे गॉलम होऊन शेकडो वर्षं अंधारात काढली, पण हा दावा काही सोडला नाही.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. १९३७ साली 'द हॉबिट' आलं तेव्हा ही अंगठी म्हणजे निव्वळ एक उपयोगी जादूची वस्तू होती. त्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या खेळात अंगठीच पणाला लावतो, हरतो, ती सापडत नाही (ती आधीच समोरच्या बिल्बोच्या, म्हणजे कथानायकाच्या, खिशात गेलेली) म्हणून चक्क माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढचं मोठं पुस्तक, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', लिहिताना टॉल्किनची पंचाईत झाली. असा गॉलम अशी अंगठी राजीखुशीने देईल? त्याने ते प्रकरण पुन्हा लिहून १९४७ साली नमुना म्हणून प्रकाशकाकडे पाठवलं, आणि प्रकाशकाने ते परस्पर छापायलाच घेतलं. १९५१च्या आवृत्तीत नवीन गोष्ट आली. मग जुनीचं काय करायचं? टॉल्किनने ठरवलं की ती बिल्बोने मारलेली थाप होती. अंगठी आपल्याला हक्काने मिळाली हे दाखवायला सरळमार्गी बिल्बोने 'जिंकली' म्हणून सांगितलं. जादूगार गॅन्डाल्फला पहिला संशय येतो तो इथेच. लेखकाची स्वतःची अडचण त्याने अंगठीच्या अंगावर ढकलली आणि ती तिला अशी काही शोभली की विचारू नका.

फ्रोडोच्या सोबतच्या बोरोमिरचंही तेच, ती माझी असायला हवी होती म्हणे. आणि शेवटी अग्नीच्या काठावर पोचलेला फ्रोडो, सगळं सोसून आलेला, तोही म्हणतो, माझी. लोक याला फ्रोडोची हार म्हणतात. टॉल्किनचं म्हणणं होतं की त्या क्षणी तिथे कोणीच टिकलं नसतं, आणि मला ते पटतं.

सुटले फार थोडे. सॅमला तिने मॉर्डोरच्या, म्हणजे सॉरॉनच्या मुलखातल्या, ओसाड पठाराची बाग करून दाखवली, तर त्याला वाटलं, मला माझ्या हातांनी होईल एवढी एक बाग पुरे. पुस्तकातला फॅरामिर, बोरोमिरचा भाऊ, म्हणतो, वाटेत पडलेली दिसली तरी उचलणार नाही. (सिनेमात त्याला मोह पाडलाय. तो राग माझा अजून गेलेला नाही.) आणि रानात राहणारा गूढ टॉम बॉम्बाडिल! त्याने बोटात घातली, गायब झाला नाही, डोळ्याला लावून तिच्यातून बघितलं, हसला आणि परत दिली.

"मग त्यालाच द्यायची ना सांभाळायला!" भाचा म्हणाला.

अंगठीचं करायचं काय, हे ठरवायच्या एल्रॉन्डकडच्या बैठकीतही हाच प्रश्न निघतो. गॅन्डाल्फचं उत्तर असं की त्याला दिली तर तो कुठेतरी ठेवून विसरून जाईल.