‘क्षणात’ या शब्दाबद्दल, आणि आपल्या सुराबद्दल

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि एक दिवस तशीच जाऊ दिली. कार्बनच्या पातळ फॉइलमध्ये शिरताच क्लस्टर आयनाला (एकत्र बांधलेल्या अणूंच्या विद्युतभारित पुंजक्याला) बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन ‘क्षणात’ निघून जातात, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण म्हणता, ‘क्षणात काही होत नसतं, विद्युतभार स्थिरावायला फॉइलची जाडी लागते. आधी अभ्यास करा, मग मराठीत विज्ञान शिकवा.’ पहिलं वाक्य जाणकाराचं आहे. दुसरं कशासाठी? इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे आपण असा अभ्यासाचा दाखला मागितला असता का?

एक चूक कबूल. फॉइलची जाडी मी 100 नॅनोमीटर लिहिली होती; ती 100 अँगस्ट्रॉम, म्हणजे 10 नॅनोमीटर हवी. दुरुस्त केली. आभार.

आता ‘क्षणात’. सगळ्यात साधा रेणू-आयन हायड्रोजनचा घ्या : दोन प्रोटॉन आणि त्यांना बांधणारा एकच इलेक्ट्रॉन. दर प्रोटॉनमागे 1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असेल, तर वेग सेकंदाला सुमारे 14,000 किलोमीटर. 100 अँगस्ट्रॉमची फॉइल पाऊण फेम्टोसेकंदात (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग) पार होते, आणि इलेक्ट्रॉन जातो तो पहिल्या काही अणुथरांतच. उरलेले प्रोटॉन एकमेकांपासून जेमतेम सव्वा अँगस्ट्रॉमवर असतात. दहा-बारा इलेक्ट्रॉनव्होल्टचं अपकर्षण त्यांना दूर लोटतं. हाच कूलॉम स्फोट. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत आणि इस्राएलच्या वाइझमन संस्थेत या स्फोटातून रेणूंची रचना शोधली गेली. ते जमलं, कारण अणुकेंद्रं जागची हलायच्या आत इलेक्ट्रॉन गेलेले असतात. याला ‘क्षणात’ म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आणि अभ्यासाचंच विचारता, तर सांगतो. टँडम अ‍ॅक्सिलरेटरवर, म्हणजे आयनांना दोन टप्प्यांत वेग देणाऱ्या यंत्रावर, मी चार वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत. काचेवरची फॉइल पाण्यावर सोडायची, श्वास रोखून फ्रेमवर उचलायची. फाटली की पुन्हा पहिल्यापासून. बेरिलियमचा झोत हवा असला, की बेरिलियम ऑक्साइडचा ऋण आयन आत सोडायचो. यंत्राच्या मधोमध, उच्च व्होल्टेजच्या टर्मिनलवरच्या फॉइलमध्ये रेणू फुटायचा, आणि तोवर मिळालेल्या ऊर्जेचे पंचविसातले नऊ भाग बेरिलियमकडे जायचे. अखंड रेणू पलीकडे आलेला मी एकदाही पाहिला नाही. तुम्ही पाहिला आहे?

कार्बन क्लस्टरमधला अणू बाहेर पडताना, त्याच वेगाच्या एकट्या अणूपेक्षा त्याचा सरासरी विद्युतभार कमी भरतो, हेही तुम्ही लिहिलंत. बरोबर आहे, पण माझा लेख रेणू फुटण्याबद्दल होता. त्यात हे आणायचं कारण नव्हतं. आयन जाताना त्याच्या मागे फॉइलमधल्या इलेक्ट्रॉनांत उठणाऱ्या लाटेचा तुमचा मुद्दाही तसाच, बाजूचा.

जाडीबद्दल आणखी लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या अभ्यासाबद्दल लिहिणार असाल, तर देणार नाही.