वाजवू नको, नुसता चालू ठेव

काल संध्याकाळी माझ्या व्हॉल्व्ह ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावर, घरमालक काकांचं बनियन वाळत होतं. शेजारी एक मोजाही होता. एकच. दुसरा कुठं आहे हे मी विचारलं नाही, कारण उत्तर स्पीकरच्या मागे निघालं असतं.

मी फक्त दूध आणायला खाली उतरलो होतो. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या बाटल्या. त्यांचा ॲम्प बटण दाबल्या दाबल्या वाजत नाही. आधी पॉवरचा खटका टाकायचा, आतल्या फिलामेंटी, म्हणजे बारीक तारा, लाल होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग आवाज सुरू करणारा स्टँडबायचा खटका. तेवढ्यात दूध आणू म्हणून गेलो, तर दुकानात सुट्ट्या पैशांवरून वाद निघाला. वर येतो तर हे.

"काका, हे काय?"

"बनियन की."

"ते दिसतंय. पण इथं?"

"गरम हाय न्हवं हे! दोरीवर तीन दिवस झालं वाळंना. इथं बघ, काख सुकली पण."

आषाढ लागला की बेळगावात काहीच वाळत नाही, हे मला मान्य आहे. टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या भिंतींनाही पावसाळाभर ओल असते. पण ॲम्पची वरची जाळी हवा खेळायला असते. आत ६व्ही६ जातीचे दोन मोठे व्हॉल्व्ह आणि लहान १२एएक्स७ची रांग. मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेला चुकून बोट लागलं तर फोड येतो. त्या तापलेल्या काचेवर बनियनचं थेंबभर पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. हे सगळं मी काकांना समजावलं. आवाज चढवून, पण 'अहो' न सोडता. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला रागसुद्धा बेतानंच करावा लागतो.

काका शांतपणे खुर्चीत बसले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत अख्खी नोकरी काढलेला माणूस, त्याला कोण गरम वस्तूंबद्दल शिकवणार?

"आधी तापवायचं, मग चालू करायचं म्हणतोस?"

"हो."

"बरोबर हाय. भट्टी धरल्याशिवाय रस कोण वतंल?"

एवढ्या वर्षांत ही गोष्ट एका वाक्यात समजलेला हा पहिला माणूस. माझ्या बँडमधल्या पोरांना अजून कळलेली नाही. मी जरा विरघळलो, आणि तिथंच काकांनी मला धरलं.

"किती वॅटचं म्हणालास?"

"बावीस."

"आणि भिंतीतनं किती खेचतं?"

मी उगाच खरं बोललो. "शंभरच्या आसपास."

काकांनी डोळे मिटले. हिशोब चालू असला की ते डोळे मिटतात. "शंभर घेतं, बावीस देतं. बाकीचं अठ्ठ्याहत्तर?"

"उष्णता."

"मग हे हीटरच की! आवाज नुसता वरकड."

मला राग आला तो ह्याचा, की ह्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. उलट त्या बावीस वॅटमधलेही जेमतेम दोन-चार टक्के स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडतात, बाकी तिथंही उष्णताच. हे मात्र मी सांगितलं नाही. प्रत्येक दारूगोळा शत्रूच्या हातात द्यायचा नसतो.

"तरी म्हटलं गेल्या महिन्यात मीटर का पळूलालंय," काका म्हणाले. मग गृहज्योती निघाली, कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना. आमच्या घरी ती तुळशीच्या दिव्यासारखी रोज संध्याकाळी निघते. महिन्याला जास्तीत जास्त दोनशे युनिटांपर्यंत फुकट, त्यावर एक युनिट गेलं की अख्खं बिल. घर दोन बिऱ्हाडांचं, मीटर एक. दहा तास ॲम्प चालला की एक युनिट, म्हणजे माझा तासभराचा रियाज काकांच्या फ्रिजपेक्षाही गरीब. पण फ्रिजकडे कोणी संशयानं बघत नाही. फ्रिज कसा, कोपऱ्यात उभा राहून गुरगुरतो, त्याला कला नाही.

"बरं, आवाज बारीक केला तर करंट कमी खातं?"

"नाही. फिलामेंटी तेवढ्याच जळतात."

"म्हंजे वाजवलं काय, न वाजवलं काय, गरम तेवढंच?"

"जवळजवळ."

काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "मग वाजवू नको. सहा ते आठ नुसतं चालू ठेव."

मी शेवटचा उपाय म्हणून भीती घातली. म्हटलं, काका, आत चारशे व्होल्ट असतात. प्लग काढून ठेवला तरी आतल्या कॅपॅसिटरांत करंट साठून राहतो, माणूस फेकला जातो. मागची फळी उघडायची तर मेकॅनिकसुद्धा आधी तो उतरवून घेतो.

"प्लग काढल्यावर पण करंट?"

"हो."

"फुकटचा?"

इथं मी गप्प बसलो.

ह्या शहराला गाणं कळत नाही असं कोणी म्हणू नये. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४चा, इथून जवळच्या सुळेभावीतला. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी इथलीच. आमच्या गल्लीत कोणी पेटीचा भाता हलवला तर लोक चप्पल काढून येऊन बसतात. मी गिटारची वायर जोडली की लोक मीटर बघायला जातात. आणि गिटार ही 'बाहेरची' म्हणून नाक मुरडायचं तर पेटी तरी कुठं खानापूरच्या जंगलात उगवली होती?

व्हॉल्व्ह जपण्यात माझा निम्मा जीव जातो. ॲम्पला स्पीकर जोडल्याशिवाय चालवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आठ ओहमच्या भोकात आठ ओहमचाच स्पीकर. गरम असताना हलवायचं नाही. मोठे व्हॉल्व्ह बदलायचे तर जोडीनं, जुळवलेले, आणि मग बायस, म्हणजे त्यांच्यातून वाहणारा करंट, तपासायचा. ते करणार कोण? ट्रान्झिस्टर १९४७ साली निघाला आणि बाकीचं जग हळूहळू पुढं गेलं, गिटारवाले तेवढे काचेच्या बाटल्यांपाशी अडून बसले. बाटल्या आता रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनमधून येतात. पूर्वी गल्लीबोळात व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून बसलेला एखादा माणूस सापडायचा. आता ज्या दुकानात विचारावं तिथं पोरगं मोबाईलच्या काचेवरून मान वर न करता म्हणतं, "नवीन घ्या की ओ." नवीन घ्या! एका जोडीच्या किमतीत त्याच्या दुकानाचं महिन्याचं भाडं निघेल. कुरियर पोचेपर्यंत काच शाबूत राहील का ह्याची धाकधूक वेगळी. त्यात आमच्याजवळून रेल्वे जाते. मालगाडी गेली की एक लहान व्हॉल्व्ह किणकिणतो. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टिचक्या मारून तो मी शोधून काढलाय, पण बदलायला दुसरा नाही. काकांना हेही ऐकू येतं. त्यांच्या मते गिटारपेक्षा ते बरं वाजतं.

शेवटी बनियन मीच उचललं. मोजाही. दोन्ही कोरडे ठणठणीत झाले होते, हे काकांनी शेजारच्या काकूंना गॅलरीतून ओरडून सांगितलं. रात्री काकू विचारून गेल्या, "पापड ठेवले तर चालतील? सादळलेत."

आज सकाळी काका पुन्हा वर आले. हातात मोबाईल, स्पीकर चालू. पलीकडे त्यांचा खानापूरचा भाचा. तिकडं जांबोटीच्या बाजूला आमच्यापेक्षा दुप्पट पाऊस, त्यांचं तर पांघरूणसुद्धा ओलं.

"ह्याला पण एक पाहिजे म्हणूलालाय," काका म्हणाले. "कुठं मिळतं ते सांग. पण गिटार घ्यावीच लागते काय रे त्याच्याबरोबर?"