कर्णधार जातो, कारण मात्र कळत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या कर्णधारपदाविषयीच्या माझ्या लेखावर आपण ‘एक जुना वाचक’ या सहीने सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. इंग्लंडचा फलंदाज आणि माजी कर्णधार केव्हिन पीटरसन याच्या प्रेमापोटी मी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हा आपला मुख्य आक्षेप आहे. हरणारा कर्णधार जातो आणि बेशिस्त खेळाडू वगळला जातो, त्यात राजकारण ते कसले, असे आपण विचारले आहे. अ‍ॅलिस्टर कुकने कर्णधार म्हणून २०१२ मध्ये भारतात मालिका जिंकली, २०१३ आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची अ‍ॅशेस जिंकली, तेव्हा मंडळाचा निर्णय निकालांनीच योग्य ठरवला, असे आपले म्हणणे. शिवाय, मराठी माणसाने आपल्या मंडळाकडे पाहायचे सोडून इंग्लंडच्या क्रिकेटचे मुख्यालय असलेल्या लॉर्ड्सची उठाठेव का करावी, असा टोलाही आपण लगावला आहे.

टोल्याचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते. आपले घर धुतल्या तांदळासारखे आहे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर विजयनगरमच्या महाराजकुमारांनी कर्णधारपद मिरवले आणि भरात असलेल्या लाला अमरनाथांना पहिल्या कसोटीपूर्वीच घरी धाडण्यात आले. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या एका मालिकेत पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि हेमू अधिकारी असे चार कर्णधार आपण वापरले, आणि त्यातल्या उम्रीगरांनी संघनिवडीच्या वादावरून ऐन वेळी राजीनामा दिला होता. हा इतिहास आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याची लाजही वाटते. इंग्लंडच्या बाबतीत मात्र आपण सभ्य माणसांच्या खेळाची पुण्याई गृहीत धरतो आणि तिथल्या मंडळाच्या पदरात नेहमी माप थोडे जास्तच टाकतो. माझा लेख त्या गृहीतकाविरुद्ध होता.

आता मुख्य मुद्दा. कर्णधार बदलण्याला माझा विरोध नाही. निवड समितीला तो अधिकार आहे आणि असलाच पाहिजे. माझी तक्रार अशी आहे की, इंग्लंडमध्ये कर्णधार नेमताना आणि काढताना जे कारण सांगितले जाते ते बहुधा पूर्ण खरे नसते, आणि जे खरे असते ते चाहत्यांना सांगितले जात नाही. ही खोड पीटरसनच्या काळात लागलेली नाही, म्हणून मी आपल्याला थोडे मागे नेतो.

१९८८ च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडिजविरुद्ध ट्रेंट ब्रिजची पहिली कसोटी माइक गॅटिंगच्या नेतृत्वाखाली अनिर्णित राहिली. त्या काळच्या वेस्ट इंडिजपुढे हरलो नाही, एवढेच इंग्लंडला विजयासारखे वाटले असणार. त्यानंतर वृत्तपत्रांत हॉटेलमधील एका प्रसंगाविषयी बातम्या आल्या. निवडकर्त्यांनी गॅटिंगचा खुलासा मान्य केला, म्हणजे त्याने गैरवर्तन केलेले नाही हे स्वीकारले, आणि तरीही रात्री उशिरा एका स्त्रीला खोलीवर पेयपानासाठी बोलावणे बेजबाबदारपणाचे होते, असे म्हणून त्याला पदावरून दूर केले. आरोप खोटा पण शिक्षा खरी, असा हा न्याय. आधीच्या डिसेंबरात फैसलाबादच्या मैदानावर पंच शकूर राणा यांच्याशी त्याने घातलेली हुज्जत मंडळाच्या मनात सलत होती, असे तेव्हाही पुष्कळांनी लिहिले. पण त्या वेळी मंडळाने त्याला काढले नव्हते, उलट संघाच्या पाठीशी उभे राहिल्याचे दाखवले होते. जे कारण त्या वेळी वापरण्याचे धैर्य झाले नाही, ते सहा महिन्यांनी दुसऱ्या नावाखाली वापरले गेले, असे चाहत्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा?

पुढची कथा आपल्याला ठाऊक असेलच. दोन कसोटींसाठी जॉन एम्बुरी आला आणि दोन्ही हरला. मग हेडिंग्लेला ख्रिस कौड्री आला. तो केंट या काउंटीचा, म्हणजे परगण्याच्या संघाचा, कर्णधार होता आणि त्या वेळी केंट काउंटी स्पर्धेत आघाडीवर होते, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. मात्र निवड समितीचे अध्यक्ष पीटर मे हे त्याचे धर्मपिता (गॉडफादर) होते. ख्रिसने शून्य आणि पाच धावा केल्या, संघ दहा गडी राखून हरला आणि त्याला पुन्हा कधीही कसोटी खेळायला मिळाली नाही. ओव्हलला ग्रॅहम गूच चौथा कर्णधार झाला. हिवाळ्यात त्याच्या नेतृत्वाखाली संघ भारतात यायचा होता, पण गूचसह काही खेळाडूंचे दक्षिण आफ्रिकेशी असलेले संबंध आपल्या सरकारला मान्य नव्हते आणि तो दौराच रद्द झाला. वर्णद्वेषामुळे बहिष्कृत असलेल्या दक्षिण आफ्रिकेत बहिष्कार झुगारून गेलेल्या बंडखोर संघाचे नेतृत्व केलेल्या माणसाला भारत दौऱ्याचा कर्णधार नेमताना लॉर्ड्सवरील एकाही जाणत्याला ही अडचण दिसली नसेल, यावर विश्वास ठेवणे मला तरी जड जाते.

१९८९ मध्ये तर याहून मासलेवाईक प्रकार घडला. निवड समितीचे नवे अध्यक्ष टेड डेक्स्टर आणि संघव्यवस्थापक मिकी स्टुअर्ट यांना गॅटिंग परत हवा होता. परंतु मंडळाच्या क्रिकेट समितीचे प्रमुख ऑसी व्हीटली यांनी नकाराधिकार वापरला आणि डेव्हिड गॉवरला कर्णधार करण्यात आले. गॉवर आपली पहिली पसंती नव्हती, हे लोकांना मालिका संपल्यावर कळले. तोवर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून ४-० असे हरले होते, सगळे खापर गॉवरच्या डोक्यावर फुटले होते आणि उद्विग्न गॅटिंग बंडखोर संघ घेऊन दक्षिण आफ्रिकेला जायला तयार झाला होता. बंडखोर दौऱ्याचे समर्थन मी करणार नाही. वर्णद्वेषी राजवटीचा पैसा घेणे त्या वेळीही अयोग्यच होते. पण ज्या व्यक्तीने कर्णधार कोण नको हे ठरवले, तिला पत्रकारांच्या एकाही प्रश्नाला उन्हाळाभर तोंड द्यावे लागले नाही, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरता.

कर्णधाराला पुढे करून स्वतः हात वर करण्याची पद्धत २००३ च्या विश्वचषकातही दिसली. हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध खेळावे की नाही, हा प्रश्न सरळसरळ राजकीय होता. संघाने जाऊ नये असे ब्रिटिश सरकार म्हणत होते, पण निर्णय मंडळाचा असल्याचे सांगत होते. मंडळाला दंडाची आणि गुणांची चिंता होती. या दोघांच्या मध्ये केप टाउनच्या हॉटेलात तासन्‌तास बैठका घेत बसला तो कर्णधार नासिर हुसेन. अखेरीस सुरक्षेचे कारण पुढे करून सामना सोडला गेला, गुण गेले आणि इंग्लंड पहिल्याच फेरीत बाहेर पडले. क्षेत्ररक्षण कसे लावायचे याच्यासाठी नेमलेल्या माणसाकडून परराष्ट्र धोरण ठरवून घेण्याचा हा प्रकार होता.

एवढ्या पार्श्वभूमीवर पीटरसनकडे वळतो. मायकल वॉनच्या राजीनाम्यानंतर ऑगस्ट २००८ मध्ये त्याला कर्णधार केले गेले आणि ओव्हलच्या पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकून दक्षिण आफ्रिकेला हरवले. भारतात तो एकदिवसीय सामने ५-० असे हरला, हे आपण लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. परंतु मुंबईवरील हल्ल्यानंतर मायदेशी गेलेला संघ कसोटींसाठी परत आणण्यात त्याने पुढाकार घेतला, हे आपण लिहिलेले नाही. चेन्नईची ती कसोटी, सचिनचे नाबाद १०३ आणि ३८७ धावांचा पाठलाग आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. तो सामना मुळात होऊ शकला याचे थोडे श्रेय पाहुण्या कर्णधारालाही जाते. त्यानंतर प्रशिक्षक पीटर मूर्स यांच्याबद्दलची नाराजी त्याने मंडळाला कळवली, ती वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली आणि ७ जानेवारी २००९ रोजी कर्णधार व प्रशिक्षक दोघांचीही पदे गेली. गोपनीय म्हणून लिहिलेले म्हणणे बाहेर कसे आले, याचे उत्तर मंडळाने कधीच दिले नाही. पीटरसन संघातल्या सगळ्यांना बरोबर घेऊन चालणारा नेता नव्हता, हे मला मान्य आहे. पण तो तसा नव्हता हे पाच महिन्यांपूर्वी नेमणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय?

बेशिस्तीचा आपला मुद्दा २०१२ चा आहे. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना तेव्हाचा कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉस याच्याविषयी संदेश पाठवणे गैरच होते आणि त्यासाठी लॉर्ड्सच्या कसोटीतून त्याला वगळले, त्यातही माझी तक्रार नाही. मात्र आपण कुकच्या ज्या भारतातील विजयाचा दाखला देता, तो थोडा बारकाईने पाहा. अहमदाबादला इंग्लंड नऊ गडी राखून हरले होते. वानखेडेच्या फिरत्या खेळपट्टीवर, जी खास आपल्या फिरकीसाठी तयार केली होती, पीटरसनने १८६ धावा काढल्या. परदेशी फलंदाजाने मुंबईत खेळलेल्या श्रेष्ठ खेळींत ती मी निःसंकोच धरतो. कुकचे १२२ आणि पानेसर-स्वान यांचे १९ बळी यांच्याशिवाय तो सामना जिंकता आला नसता, पण मालिका फिरली ती त्या खेळीने. काही आठवड्यांपूर्वी ज्याला संघाबाहेर ठेवले होते, त्याला परत घ्यावे यासाठी नवा कर्णधार कुकही आग्रही होता. म्हणजे आपले उदाहरण माझ्याच बाजूने बोलते : वाद मिटवून माणूस वापरला, तेव्हा इंग्लंडने १९८४-८५ नंतर प्रथमच भारतात मालिका जिंकली.

आणि २०१४? ऑस्ट्रेलियात ५-० असा धुव्वा उडाल्यावर इंग्लंडकडून त्या मालिकेत सर्वाधिक धावा काढणारा फलंदाज पीटरसन कायमचा काढला गेला. त्या २९४ धावा त्याच्या लौकिकाला साजेशा नव्हत्या, हे खरे. पण बाकीच्यांनी त्याही केल्या नव्हत्या. कारण काय, तर संघाची नवी घडी बसवायची आहे. नेमके काय घडले हे दोन्ही बाजूंना ऑक्टोबरपर्यंत बोलता येणार नाही, असा करार झाला आणि प्रश्न विचारणाऱ्या चाहत्यांची गणना एका अधिकृत निवेदनात ‘क्रिकेटबाहेरच्या’ लोकांत करण्यात आली. २००६ पासून कसोटी सामने पाहण्यासाठी सशुल्क वाहिनीचे पैसे भरणाऱ्या, पावसात तिकिटे काढून बसणाऱ्या माणसांना हे ऐकावे लागले. त्याच वर्षी मंडळाचे अध्यक्ष जाइल्स क्लार्क यांनी कुकची बाजू घेताना तो आणि त्याचे कुटुंब इंग्लंडच्या कर्णधाराला व त्याच्या कुटुंबाला शोभेल अशा प्रकारचे लोक आहेत, असे सांगितले. कुक उत्तम सलामीवीर होता आणि माणूस म्हणूनही सज्जन. त्याच्यावर माझा रोष नाही. परंतु अध्यक्षांच्या त्या वाक्यात धावा, बळी, डावपेच यांचा मागमूस नाही.

हा वारसा जुना आहे. विसाव्या शतकात इंग्लंडने पहिला व्यावसायिक, म्हणजे पैसे घेऊन खेळणारा, कर्णधार लेन हटन रीतसर नेमला तो थेट १९५२ मध्ये, आणि त्याची पहिली मालिका आपल्या विजय हजारेंच्या संघाविरुद्ध होती. हेडिंग्लेला विजय मांजरेकरांनी १३३ धावा काढल्या आणि दुसऱ्या डावात आपली अवस्था ४ बाद ० झाली, तोच तो सामना. त्या लेन हटनने १९५३ मध्ये अ‍ॅशेस परत मिळवली, तरी यॉर्कशायरचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. देशाचा हा कर्णधार काउंटीत नॉर्मन यार्डली या हौशी खेळाडूच्या हाताखाली खेळत राहिला. हौशी आणि व्यावसायिक हा भेद कागदावरून १९६२ मध्ये गेला. ब्रायन क्लोजने सातपैकी सहा कसोटी जिंकून दिल्या होत्या, तरी १९६७ मध्ये एका काउंटी सामन्यातील वेळकाढूपणासाठी निवड समितीची पसंती डावलून त्याला बाजूला सारले गेले, तेव्हा तो भेद मनांतून गेलेला नव्हता, असे माझे मत आहे. त्याच्या जागी गेलेल्या कॉलिन कौड्रीने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली, हे आपण मला सुनवाल, जरूर सुनवा. निकाल चांगला लागला म्हणून निर्णयाची रीत चांगली ठरत नाही, एवढेच माझे म्हणणे.

काही बदलले आहे, हेही नमूद करतो. ब्रिस्टलच्या मारामारीच्या प्रकरणात न्यायालयाने निर्दोष सोडलेला बेन स्टोक्स २०२२ मध्ये कर्णधार झाला. गॅटिंगच्या काळात हे घडले नसते. पण त्यासाठी आधी १७ कसोटींत एकच विजय, एवढी नामुष्की पदरी यावी लागली. डब्लिनच्या ऑयन मॉर्गनच्या हाती २०१५ च्या विश्वचषकातील मानहानीनंतरही एकदिवसीय संघ ठेवण्याचा आणि त्याला मोकळीक देण्याचा निर्णय मात्र स्ट्रॉसने संचालक म्हणून जाहीरपणे, कारणांसह घेतला, आणि त्याचे मी मनापासून कौतुक करतो.

शेवटी आपण विचारले आहे की, २०१४ मध्ये पीटरसनला मी कर्णधार केले असते काय. मुळीच नाही. त्याला मी कुकच्याच नेतृत्वाखाली चौथ्या क्रमांकावर खेळवले असते. मार्च २०१५ मध्ये मंडळाचे होऊ घातलेले अध्यक्ष कॉलिन ग्रेव्ह्ज यांनी काउंटी क्रिकेट खेळल्यास त्याचा विचार होऊ शकतो, असे सूचित केले. त्या भरवशावर त्याने आयपीएलचा करार सोडला आणि तो सरेकडून उतरला. ११ मे रोजी लिस्टरशायरविरुद्ध दिवसअखेर तो ३२६ धावांवर नाबाद होता. त्याच संध्याकाळी त्याला बोलावून सांगण्यात आले की विश्वासाचा प्रश्न आहे आणि तुझा विचार होणार नाही. विश्वासाचा प्रश्न मार्चमध्येही होताच. मग मार्चमध्ये दार उघडे असल्याचे का भासवले, याचे उत्तर आपल्याकडे असल्यास अवश्य लिहावे.

आपला स्नेहांकित.