पेटंट संपलं, पण घरची सरकी परत आली नाही

आमच्या यवतमाळकडे पेरणीच्या तोंडावर एक वाक्य हमखास कानावर येतं, "कंपनीचं पेटंट आहे, म्हणून बियाणं महाग." मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. मग मोन्सॅन्टो आणि नुझिवीडू सीड्स या बियाणं कंपन्यांमधला भारतीय पेटंट क्रमांक 214436 चा वाद नीट बसून वाचला, आणि आता मला ते वाक्य अपुरं वाटतं.

हे पेटंट मोन्सॅन्टोच्या बोलगार्ड-2 या अळीरोधक कपाशीमागच्या तंत्राचं. मातीतल्या 'बीटी' नावाच्या एका जिवाणूत अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. त्याचा जनुक कपाशीत घालायचा, आणि ते प्रथिन पेशीतल्या हरितलवकात पोचेल अशी रचना करायची. पेटंटातले पहिले 24 दावे या पद्धतीचे होते. 25 ते 27 हे तीन दावे मात्र थेट त्या जनुकाच्या क्रमावर. सगळं भांडण त्या तिघांवर पेटलं, कारण आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(जे) नुसार वनस्पती, बियाणं, वाण यांवर पेटंट मिळत नाही. एप्रिल 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट अवैध ठरवलं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवलं. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. 2021 मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. जनुकाच्या क्रमावर पेटंट मिळू शकतं का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

पद्धतीवर पेटंट असायला माझा विरोध नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत घालवली त्यांना मोबदला मिळावा. पण पद्धतीचा हक्क शेतातल्या झाडापर्यंत, त्याच्या सरकीपर्यंत ताणला जाऊ नये.

आता खरी गोष्ट. त्याआधीच्या बोलगार्ड-1 वर भारतात पेटंट नव्हतंच! तरीही सुरुवातीच्या वर्षांत 450 ग्रॅमचं पाकीट 1,600 रुपयांच्या वर विकलं गेलं आणि त्यात तंत्रज्ञानाची मोठी फी होती. आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, तेव्हा 2006 मध्ये भाव 750 वर आला. म्हणजे पेटंटाशिवायही कुलूप होतं. ते कुलूप हायब्रीडचं. अमेरिका-ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी सरळ वाणात, म्हणजे घरचं बी राखून पेरलं तरी तसंच पीक देणाऱ्या वाणात आहे, तिथे बी राखू न देण्यासाठी पेटंट आणि करार लागतात. आपल्याकडे संकरित पऱ्हाटीची सरकी पुढच्या वर्षी टोबली तर पीक एकसारखं येतच नाही. माझी आजी घरची सरकी शेणमातीत चोळून पेरणीला तयार करायची. ते काम आमच्या घरातून कायमचं गेलं. 2025 च्या हंगामात पाकीट 901 रुपयांना होतं, आणि गुलाबी बोंडअळी तर आता बोलगार्ड-2 लाही दाद देत नाही.

सरकारी संस्थांनी 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण आणलं होतं. शेतकऱ्याला बी राखता आलं असतं. 2009 च्या हंगामात ते विकलं गेलं, मग त्यात कंपनीचाच जनुक सापडला आणि ते मागे घ्यावं लागलं. या प्रकरणाने मला जितकं दुःख झालं तितकं कुठल्याही कंपनीच्या फीने झालं नाही. आपल्या हातात होतं ते आपणच घालवलं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे भात. मे 2025 मध्ये आपल्या कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित, म्हणजे भाताच्याच जनुकात नेमका बदल करून घडवलेल्या, भाताची 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस 1' ही दोन वाणं जाहीर केली. ही सरळ वाणं आहेत, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने ती घडली, त्याची मूळ पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत आणि त्यांची आपसांतली भांडणं अनेक वर्षं चालली आहेत. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा हक्क दिलाय. या वाणांच्या बाबतीत तो हक्क जसाच्या तसा राहणार का? परवान्याची फी कुणी, किती भरायची? हे बियाणं दुकानात यायच्या आधी, करार मराठीत छापून, कृषी केंद्राच्या भिंतीवर लावा.