‘सर्व पाटील एकाच घराण्याचे’ या संदेशाबाबत खुलासा

पाटील आडनावाचे सर्व लोक एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहेत, असा दावा करणारा संदेश सध्या बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात मोबाइलवर फिरत आहे. तो साफ चुकीचा आहे. पाटीलकी हे गावचे वतन होते आणि सारावसुली व गावचा बंदोबस्त ज्या घराण्याकडे असे, त्याने, मग त्याची जात वा धर्म कोणताही असो, हेच आडनाव लावले. म्हणूनच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन, प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील मराठा, तर कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील लिंगायत होते. आपल्या सीमाभागात तर मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे, रक्ताचे कसलेही नाते नसलेले पाटील शेजारी नांदतात. सोयरीक जुळवताना जाणती माणसे नुसत्या आडनावावर न थांबता मूळ गाव, कुळी आणि देवक विचारतात, ते याचसाठी. केवळ या संदेशावर विसंबून, दोन्हीकडचे आडनाव एक आहे म्हणून कोणीही ठरलेले लग्न मोडू नये, ही कळकळीची विनंती.