कान कुणाचे कच्चे?

नमस्कार. डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडगोळीवरच्या माझ्या लेखाखाली आपण चार वाक्यांची प्रतिक्रिया टाकलीत. सोडून देणार होतो, पण चौथं वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना.

आधी चूक कबूल करतो. त्यांच्या ‘स्वीट लल्लबाय’ या गाण्यातला आवाज मी मध्य आफ्रिकेतल्या पिग्मींचा म्हणून ठोकून दिला होता. तो सोलोमन बेटांपैकी मलाइताचा आहे. दुरुस्ती केली. (यान गार्बारेकसारख्या सॅक्सोफोनवाल्याने १९९६ साली हीच चाल ‘पिग्मी लल्लबाय’ नावाने वाजवली, तेव्हा संगत काही वाईट नाही.) पण चूक दाखवताना “लिहिण्याआधी शोधावं माणसाने” ही पुस्ती हवीच होती का?

आता ते चौथं वाक्य. “हे संगीत नाही, बटणं दाबणं आहे, असलं आवडायला कान कच्चेच लागतात.”

साहेब, बटणं मीही दाबली आहेत. सोळा वर्षं कीबोर्ड वाजवतोय, त्यातली नऊ सॅम्पलरवर, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणाऱ्या यंत्रावर, गेली. एका गाणाऱ्या बाईचा चार सेकंदांचा तुकडा बसवायला मला तीन रात्री लागल्या होत्या. सुरापूर्वीचा श्वास कापला तर बाई यंत्रासारखी वाटते. ठेवला तर दर फेरीला तोच श्वास, तेवढाच, आणि लूप, म्हणजे तोच तुकडा फिरून फिरून वाजतोय हे, उघडा पडतो. ध्वनीची लाट शून्यावर असताना कापलं नाही तर जोडावर ‘टक्’ वाजतं. शिवाय ती बाई तिच्या चालीने गाते, तिला कुणी ठोके मोजणारा मेट्रोनोम दिलेला नसतो. फंक या नाचऱ्या अमेरिकी संगीताची सगळी मजा पहिल्या मात्रेच्या ठोक्यात. तिचा शब्द तिथे किंचित मागून यायला हवा, फार मागे गेला की बेताल.

डीप फॉरेस्टच्या एरिक मूके आणि मिशेल सांशेझ यांनी १९९२ साली हे असं जमवलं की खाली सिंथच्या लांब सुरांचं धुकं, मधे ठेका आणि वर तो आवाज, कुठेही सांधा दिसत नाही. हे कच्च्या कानाने होतं? त्यांच्या ‘बोहेम’ या अल्बमला १९९६ साली ग्रॅमी मिळालं. तिथले परीक्षकही बहिरेच असावेत!

राहिली तुमची मधली दोन वाक्यं. मूळ ध्वनिमुद्रण १९७०च्या सुमारास लोकसंगीताचे अभ्यासक ह्यूगो झेम्प यांनी केलं, गाणाऱ्या अफुनाक्वा या बाईचं नाव डीप फॉरेस्टच्या अल्बमवर आलं नाही. आणि गाणं मुळात पोरक्या भावंडांचं आहे, रडणाऱ्या धाकट्याला थोरलं भावंड समजावतंय. हो, खरं आहे. पण हा हक्कांचा, कायद्याचा विषय, मी वकील नव्हे. आणि तैवानच्या आमिस या आदिवासी जमातीतल्या जोडप्याचा आवाज एनिग्मा या जर्मन गटाने ‘रिटर्न टू इनोसन्स’मध्ये घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, १९९९ साली मिटलं. मी एनिग्मावर लिहिलं तेव्हा आपण कुठे होतात?

असो. टीका जरूर करा, मला वावडं नाही. फक्त ‘एक श्रोता’ या बुरख्याआडून नको. माझ्या लेखाखाली माझं नाव असतं. ज्याचे शब्द, त्याचं नाव खाली असावं, एवढी तरी सभ्यता पाळा.