नास्तिक की अज्ञेयवादी? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या एका मुद्द्यावर माझंच चुकलं होतं आणि ते नीट कबूल करायचं होतं.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. देव नाही हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, तेव्हा स्वतःला नास्तिक म्हणवणं हीसुद्धा एक श्रद्धाच, आणि थोडा अहंकारही. विज्ञान शिकलेल्या माणसाला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, हाच शब्द शोभतो. आपल्याकडे तो विचार थेट ऋग्वेदातल्या सृष्टीच्या उत्पत्तीवरच्या नासदीय सूक्तापासून आहे. आणि मी मागच्या लेखात अज्ञेयवाद्यांना ‘कुंपणावर बसलेले’ म्हटलं, तो त्यांच्यावर अन्याय आहे.

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. अज्ञेयवादी हा शब्द (इंग्रजीत ‘अ‍ॅग्नॉस्टिक’) ज्याने घडवला त्या थॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाचं मी तेव्हा नीट वाचलेलं नव्हतं. १८६९ मध्ये त्याने तो घडवला तो कुंपणावर बसायला जागा हवी म्हणून नाही. भोवतालच्या प्रत्येकाकडे विश्वाचं कोडं सुटल्याची खात्री होती आणि त्याच्याकडे ती नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला त्याला नाव हवं होतं. त्याच्या लेखी ते मत नव्हतंच, ती एक शिस्त होती: बुद्धी नेईल तिथवर जायचं आणि जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झाल्यासारखं सांगायचं नाही. डार्विननेही आयुष्याच्या उतारावर स्वतःसाठी हाच शब्द निवडला. त्यांना मी भित्रे ठरवलं. ते वाक्य आज लेखातून काढलं आहे.

पण बाकीच्या मुद्द्यांवर मी तुमच्याशी सहमत नाही.

‘तुम्हाला ठाऊक आहे का’ आणि ‘तुम्ही मानता का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अज्ञेयवादी हे पहिल्याचं उत्तर, नास्तिक हे दुसऱ्याचं. एकाच माणसाची दोन्ही उत्तरं खरी असू शकतात आणि माझी आहेत. देव नाही हे सिद्ध केल्याचा दावा मी कुठेही केलेला नाही. मी एवढंच म्हणते की मी मानत नाही. माझा एकही निर्णय, मुलीच्या आजारपणातला नाही की नोकरी सोडतानाचा नाही, देव आहे असं धरून झालेला नाही.

तुम्ही आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलंत, म्हणून आपल्या गावातलंच उदाहरण देते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे अनिष्टाचे प्रतीक असलेले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. सव्वाशेहून अधिक वर्षं नागपूरकर ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिला निरोप देतात. मला ती मिरवणूक मनापासून आवडते. आता, मारबतीबरोबर रोगराई जात नाही हे तुम्ही सिद्ध केलं आहे का? बहुधा नाही. तरी डेंग्यूची साथ आली की तुम्ही कूलरचं पाणी रिकामं करता. ‘मारबतीच्या बाबतीत मी अज्ञेयवादी आहे’ असं तुम्ही म्हणणार नाही, सरळ म्हणाल की मी ते मानत नाही. त्याला अहंकार कुणी म्हणत नाही. मग देवापाशी येताच शब्दाची कसोटी का बदलते?

तुम्ही म्हणाल, मारबत आणि जगन्नियंता यांची तुलना होत नाही. बरोबर, आणि खरी मेख इथेच आहे. कोणता देव, हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. विश्व सुरू करून कायमचं गप्प बसलेलं एखादं तत्त्व असेल, तर त्याबद्दल मला काहीही ठाऊक नाही आणि कधी होईल असंही वाटत नाही. तिथे मी तुमच्या बाजूची. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नवस ऐकणारा, मुहूर्त चुकला म्हणून रागावणारा देव मी मानत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४७ मध्ये हाच पेच मांडला होता: तत्त्वज्ञांच्या सभेत मी अज्ञेयवादी म्हणेन, पण रस्त्यावरच्या साध्या माणसाशी बोलताना नास्तिक म्हणावं लागेल. कारण तसे पाहिले तर ग्रीकांच्या ऑलिंपसवरचे देव नाहीत हेही त्याला सिद्ध करता येत नव्हतं.

रसेलचं म्हणणं मला वाचून समजलं होतं, पटलं ते अंबाझरी घाटावर. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. मी एकटीच मूल. आत्याने विचारलं, “विधी करतेस ना?” त्या अवस्थेत तिला दुखवायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, “आत्या, मी अज्ञेयवादी आहे.” तिने अर्थ विचारला. मी म्हटलं, देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारी. ती म्हणाली, “म्हणजे थोडंफार मानतेच ना तू,” आणि गुरुजींना तयारी करायला सांगितलं. पुढचा अर्धा तास मी जे केलं त्यातलं काहीही माझं नव्हतं, बाबांचंही नव्हतं. दहाव्या दिवसाआधी मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, “मी देव मानत नाही, आत्या. बाबाही मानत नव्हते.” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पहिलेच सांगतीस तर मी कायले आग्रह केला असता?” दहाव्याला आम्ही बाबांच्या शाळेला पुस्तकं दिली. आत्या सोबत आली.

अज्ञेयवादी हा शब्द खोटा नव्हता, सर. पण तिला जे समजणं गरजेचं होतं ते त्यातून पोचलं नाही. माझ्यासाठी शब्द निवडण्याचं कारण हे आहे, अहंकार नव्हे.

आता परंपरेचं. नासदीय सूक्त मलाही फार प्रिय आहे. पण त्यातली ‘अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन’ ही ओळ तुम्ही सोडून दिलीत. देवही या सृष्टीच्या नंतरचेच, मग ती कुठून झाली हे कोण जाणे, असं तो ऋषी म्हणतो. सृष्टीच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल, किंवा नसेलही, इथवर तो जातो. ती शंका उत्पत्तीबद्दल आहे, नवस ऐकणाऱ्या देवाबद्दल नाही. आणि आपला ‘नास्तिक’ हा शब्द तरी युरोपातला कुठे आहे? मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ आहे, म्हणजे तिथे वेद नाकारणारा तो नास्तिक. म्हणून सृष्टीला ईश्वर लागत नाही म्हणणारे सांख्य दर्शनाचे लोक आस्तिकांत मोजले गेले आणि बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिकांत. या अर्थानेही माझी जागा तीच आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही आणि मी दोघंही विसरलो होतो. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली माझी एक जुनी सहकारी आहे. तिला विचारलं, तू नास्तिक की अज्ञेयवादी? ती म्हणाली, “मी बौद्ध आहे. नकारावरून माझं नाव कशाला ठेवू?” १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. तिच्या आजीने ती तिथे उभं राहून घेतली होती. याच शहरात लाखो लोकांनी ईश्वराशिवाय जगायचं ठरवलं आणि त्यांना आपल्या या दोन्ही शब्दांची गरज पडली नाही. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अशा प्रश्नांवर बुद्धाने मौन पाळलं, ते त्यांना पुरलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते शोधायचंही नाही. तिचं म्हणणं मला आवडलं.

शेवटी तुम्ही विचारलंत, मुलीला काय शिकवता. ती सोळा वर्षांची आहे. ‘मला अजून माहीत नाही’ असं म्हणते आणि सध्या तिच्यासाठी तुमचाच शब्द जास्त बरोबर आहे. मंगळवारी ती सासूबाईंना घेऊन टेकडीच्या गणपतीला जाते, कारण त्यांना पायऱ्या चढताना हात लागतो. मी खाली गाडीपाशी थांबते. परवा तिने प्रसादाचा मोदक आणून दिला, तो मी खाल्ला.